एकाहून अधिक माणसे समोर बसतात तेव्हा : दांपत्य, कुटुंब आणि गट समुपदेशन शिकणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रात एम.ए. किंवा समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करून बाहेर पडलेल्या समुपदेशकाला एका व्यक्तीसमोर बसून तिचे ऐकण्याचे बऱ्यापैकी शिक्षण मिळालेले असते. नोकरी मात्र अनेकदा कुटुंब न्यायालयात, पोलीस ठाण्यातील महिला कक्षात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात लागते आणि तिथे पहिल्याच आठवड्यात नवरा-बायको, दोन्हीकडचे आईवडील, मध्यस्थी करणारे एखादे मामा आणि कडेवरचे मूल असे सगळे एकदम खोलीत येतात. एकट्या माणसासाठी शिकलेली कौशल्ये तिथे उपयोगी पडतात, पण पुरत नाहीत. हा लेख त्या टप्प्यावर उभ्या असलेल्यांसाठी आहे. त्यात माझा भर संयुक्त सत्राच्या आधी करायच्या तयारीवर राहील. आपल्याकडे समुपदेशकाने समेट घडवून आणावा ही अपेक्षा नातेवाइकांपासून वरिष्ठांपर्यंत सर्वांची असते आणि त्या दडपणाखाली दोघांना समोरासमोर बसवण्याची घाई होते. या कामात सर्वाधिक नुकसान त्या घाईमुळे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे दिलेले प्रसंग शिकवण्यासाठी रचलेले आहेत. ते कोणत्याही एका कुटुंबाचे नाहीत.

आधी काय शिकलेले असावे

एका व्यक्तीसोबतचे समुपदेशन पर्यवेक्षणाखाली काही काळ केल्याशिवाय दांपत्याचे काम स्वतंत्रपणे हाती घेऊ नये. ऐकलेले थोडक्यात परत मांडणे, भावनेला नाव देणे, शांतता सहन करणे, आत्महत्येच्या विचारांबद्दल न अडखळता विचारणे, या गोष्टी हाताखालच्या झालेल्या असाव्यात, कारण खोलीत तीन-चार माणसे असताना त्या आठवायला वेळ मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने, भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. समुपदेशक आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहे. त्यामुळे आपण कोणत्या नावाखाली काम करतो आणि त्या नावाला कोणती पात्रता लागते, हे नोकरी किंवा व्यवसाय सुरू करण्याआधी तपासून घ्यावे आणि जी पदवी आपल्याकडे नाही ती पाटीवर लिहू नये.

कायद्याची तोंडओळखही आवश्यक आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ चा; महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. या कायद्यात समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद आहे, तसेच शक्य तिथे तडजोडीचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य न्यायालयावर आहे. न्यायालयाने पाठवलेले दांपत्य आणि स्वतःहून आलेले दांपत्य यांच्या मनाची तयारी वेगळी असते. पहिल्या प्रकारात एकजण अनेकदा केवळ तारीख चुकू नये म्हणून आलेला असतो आणि हे त्याच्याशी मोकळेपणाने बोलून घेतले तर पुढचे काम सोपे होते. कायदेशीर सल्ला देणे मात्र आपले काम नव्हे. तो प्रश्न वकिलाकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावा.

माणसाऐवजी नात्याकडे पाहणे

नवोदिताला सर्वांत अवघड जाते ती ही पायरी. एका व्यक्तीसोबत काम करताना आपण तिच्या विचारांकडे आणि भूतकाळाकडे पाहतो. दांपत्यासोबत पाहायचे असते ते दोघांमध्ये पुन्हापुन्हा घडणारे चक्र. ती आवाज चढवते म्हणून तो गप्प बसतो आणि तो गप्प बसतो म्हणून ती आवाज चढवते. तिला विचारले तर गोष्ट त्याच्या मौनापासून सुरू होते, त्याला विचारले तर तिच्या आवाजापासून. सुरुवात कोणी केली याचा निवाडा करायला समुपदेशक बसला की तो न्यायाधीश होतो आणि ज्याच्या विरुद्ध निकाल जातो तो पुढच्या सत्राला येत नाही.

अमेरिकेत मरे बोवेन, साल्वादोर मिनुचिन आणि इटलीतील मिलान येथील चमू यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पद्धतीच्या विचाराला आकार दिला. तिसऱ्या माणसाला ओढून दोघांमधला ताण हलका करण्याची बोवेन यांनी मांडलेली त्रिकोणाची कल्पना, घरातील पिढ्यांच्या आणि जोड्यांच्या सीमारेषांबद्दलचे मिनुचिन यांचे निरीक्षण आणि एका सदस्याला इतर दोघांमधील नात्याबद्दल विचारण्याची मिलान चमूची प्रश्नपद्धती, या तीन गोष्टी नीट समजल्या तरी पहिल्या वर्षाला पुरेशा आहेत. सगळ्या पद्धतींचे एकेक दिवसाचे प्रशिक्षण घेत फिरण्यापेक्षा एकच पद्धत पर्यवेक्षणाखाली मुरवावी.

मात्र येथे एक सीमा ठामपणे आखली पाहिजे. चक्राची ही भाषा हिंसेला लागू होत नाही. मारहाणीत दोघांचा वाटा कसा आहे, हे शोधणे म्हणजे मार खाणाऱ्याला अर्धी जबाबदारी देणे होय.

पहिला फोन

काम फोनपासूनच सुरू होते. फोन कोणी केला, कोणाबद्दल तक्रार केली आणि कोण यायला तयार नाही असे सांगितले, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. आपल्याकडे बहुतेकदा मुलीचे वडील किंवा मुलाची बहीण फोन करते आणि 'आमच्या जावईबापूंना जरा समजावून सांगा' किंवा 'वहिनीचं डोकं ठिकाणावर आणा' अशी मागणी करते. त्यांना आदराने ऐकावे, पण सगळी हकिकत फोनवर ऐकून घेऊ नये. कारण मग आपण भेटीआधीच एका बाजूचे झालेलो असतो. 'तुमची काळजी कळली. दोघांनी स्वतः फोन करून वेळ घेतली तर मला त्यांना भेटता येईल,' एवढे सांगून थांबावे. सज्ञान माणसाची वेळ शक्यतो त्यानेच घ्यावी, हा साधा नियम पुढच्या अनेक अडचणी टाळतो.

संयुक्त सत्राआधी स्वतंत्र भेटी

दोघांनाही एकदा एकेकटे भेटल्याशिवाय एकत्र बसवू नये. या भेटीचा पहिला हेतू सुरक्षितता तपासणे हा असतो. 'घरात काही हिंसा होते का?' असा प्रश्न बहुतेक वेळा निष्फळ ठरतो, कारण थप्पड, ढकलणे, घराबाहेर काढणे यांना लोक हिंसा म्हणत नाहीत; 'होतं कधीकधी, सगळ्यांकडेच होतं,' असे उत्तर येते. म्हणून प्रश्न ठोस असावेत. भांडण सर्वांत वाढते तेव्हा काय काय होते? कधी हात उचलला गेला आहे का? गळा धरला गेला आहे का? घराचा दरवाजा बाहेरून बंद केला होता का? तुमचा मोबाइल, पगार, एटीएम कार्ड कोणाकडे असते? माहेरी जायचे असेल तर काय करावे लागते? नको असताना शरीरसंबंधांची सक्ती होते का? तुम्ही इथे जे बोलाल त्याबद्दल घरी गेल्यावर काही होईल, अशी भीती वाटते का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याला 'हो' असे उत्तर आले, किंवा उत्तर देण्याआधी ती व्यक्ती दाराकडे पाहू लागली, तर संयुक्त सत्र थांबवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. हेच प्रश्न पुरुषांनाही विचारावेत.

भांडण आणि दहशत यांतील फरक ओळखायला शिकावे लागते. दोघेही ओरडतात, दोघेही रुसतात, पण कोणी कोणाला घाबरत नाही, ही एक स्थिती. एकाच्या पावलांचा आवाज आला की दुसरी व्यक्ती टीव्ही बंद करून उठून उभी राहते, ही दुसरी. दुसऱ्या स्थितीत एकत्र बसवले तर ती खरे बोलत नाही, किंवा बोलते आणि त्याची किंमत घरी मोजते. अशा वेळी दांपत्य समुपदेशन बाजूला ठेवून सुरक्षिततेची आखणी करायची असते : रात्री निघावे लागले तर कुठे जायचे, कागदपत्रांच्या प्रती कोणाकडे ठेवायच्या, कोणत्या शेजाऱ्याला सांगून ठेवायचे. १८१ ही महिला हेल्पलाइन, ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता प्रत्येक समुपदेशकाच्या टेबलावर असायला हवा. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष या कामात आदर्श ठरला. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याने बसून बाईच्या बाजूने काम करण्याची ही रीत महाराष्ट्रातील शिकाऊ समुपदेशकाने जवळून पाहावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १४ नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात आणि त्याखालील नियमांत समुपदेशकासाठी स्पष्ट दिशा आहे : हिंसेचे समर्थन समुपदेशनात मांडू द्यायचे नाही आणि ती पुन्हा होणार नाही, याची हमी घेण्याकडे काम न्यायचे. हे नियम मुळातून वाचावेत. 'तिनं तोंड चालवलं म्हणून हात उठला,' हे वाक्य आपल्या खोलीत स्वीकारले जाणार नाही, हे सांगण्यासाठी त्यांचा आधार मिळतो.

स्वतंत्र भेटीत गुपिते बाहेर पडतात. बाहेरचे संबंध, कर्ज, लपवलेला आजार, मनाशी आधीच घेतलेला घटस्फोटाचा निर्णय. ते ऐकल्यानंतर काय करायचे, हे ऐकण्याच्या आधी ठरलेले असावे लागते. काही समुपदेशक सुरुवातीलाच सांगतात की स्वतंत्र भेटीत सांगितलेली कोणतीही गोष्ट जोडीदारापासून लपवली जाणार नाही. त्यामुळे प्रामाणिकपणा राहतो, पण हिंसेची माहितीही दडपली जाते. मी नवोदितांना वेगळा मार्ग सुचवतो. सुरक्षिततेशी संबंधित सर्व माहिती जोडीदारापासून पूर्ण गोपनीय राहील आणि नात्याच्या कामाला आडवे येणारे गुपित असेल तर ते सांगण्यासाठी मी तुम्हाला वेळ आणि मदत देईन, पण ते अनिश्चित काळ सांभाळून एकत्र काम सुरू ठेवणार नाही, असे दोघांनाही एकाच शब्दांत सांगावे. शक्य तर लेखी द्यावे.

गोपनीयतेच्या मर्यादाही त्याच कागदावर याव्यात. जिवाला धोका असेल तर गोपनीयता मागे पडते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यात समुपदेशकाला सूट नाही. ही गोष्ट कुटुंबाला आधी सांगितलेली असेल तर पुढे विश्वासघाताची भावना कमी होते.

पहिले संयुक्त सत्र

खुर्च्या अशा मांडाव्यात की दोघांना एकमेकांकडे आणि आपल्याकडे मान फार न वळवता पाहता येईल. टेबल मध्ये नसावे. पहिली पाच मिनिटे रीत समजावून सांगण्यात घालवावीत : दोघांना जवळपास सारखा वेळ मिळेल, मी मध्येच थांबवेन, थांबवले म्हणजे चूक ठरवले असे नव्हे आणि आज कोणताही निर्णय घ्यायचा नाही. आधी कोणी बोलायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे; ते कसे ठरवतात हेच पाहण्यासारखे असते.

एक प्रसंग जवळून पाहू. मीनल आणि संदीप भोसरीत वन बीएचकेमध्ये त्याच्या आईसोबत राहतात. तो चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, ती एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. स्वतंत्र भेटींत भीतीचे किंवा मारहाणीचे काही आढळलेले नाही.

मीनल म्हणते, "ह्यांना माझ्याशी काही देणंघेणंच नाही. पगार झाला की पहिले पैसे आईंच्या हातात. मी घरात कोण आहे तेच कळत नाही मला."

संदीप मोबाइल उलटा करून ठेवतो आणि समुपदेशिकेकडे पाहून म्हणतो, "बघा मॅडम. हिला माझी आई नकोच आहे. सुरुवातीपासून नकोय."

नवोदिताला येथे दोन मोह होतात. एक, संदीपला आईबद्दलचे कर्तव्य आणि पत्नीचे हक्क समजावून सांगण्याचा. दुसरा, पैशांची विभागणी लगेच ठरवून देण्याचा. दोन्ही टाळावेत. समुपदेशिका म्हणते, "संदीप, थोडं थांबू या. मीनलने आत्ता जे सांगितलं, त्यातलं तुम्हाला काय ऐकू आलं?"

"हेच, की मी वाईट नवरा आहे."

"ते टोचणारं आहे. मीनल, तुम्हाला तेच सांगायचं होतं का?"

"नाही." ती थोडा वेळ ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहते. "पगाराच्या दिवशी एकदा मला विचारावं, या महिन्यात काय लागतंय म्हणून. मग द्या ना आईंना. मी कुठे नाही म्हणते?"

"हे माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून सांगाल?"

ती सांगते. या वेळी आवाज खाली आहे. संदीप बराच वेळ काही बोलत नाही आणि समुपदेशिकाही बोलत नाही. मग तो म्हणतो, "मला वाटायचं तू हिशेब मागतेस."

या काही मिनिटांत समुपदेशिकेने सल्ला एकही दिलेला नाही. तिने तक्रारीचे रूपांतर मागणीत होऊ दिले, ऐकणाऱ्याला काय ऐकू आले ते तपासले आणि बोलणे आपल्याकडून काढून त्या दोघांमध्ये नेऊन ठेवले. शेवटची गोष्ट मिनुचिन यांच्या पद्धतीतील आहे आणि ती सर्वांत कमी वापरली जाते, कारण दोघेही आपल्याशी बोलत असले की आपण उपयोगी पडत आहोत असे वाटते. संदीप गप्प बसला तेव्हा शांतता न मोडणे, हेही शिकण्यासारखे आहे. तिथे एक शब्द बोलला असता तरी त्याचे वाक्य बाहेर आले नसते. मीनल बोलत असताना तिच्या सासूबाई खोलीत नव्हत्या, हाही योगायोग नव्हता. त्यांना पुढच्या टप्प्यावर बोलवायचे, हे आधी ठरलेले होते.

जॉन गॉटमन यांनी दांपत्यांच्या संवादाचे दीर्घकाळ निरीक्षण करून नात्याला घातक अशा चार सवयी सांगितल्या आहेत : व्यक्तीवरच दोष ठेवणे, तुच्छता, सततचा बचाव आणि संवादातून अंग काढून घेणे. पैकी तुच्छतेकडे विशेष लक्ष द्यावे. डोळे फिरवणे, नक्कल करणे, 'तुझ्या घरच्यांनी शिकवलंय काय?' असे माहेराला धरून बोलणे खोलीत घडले की त्याच क्षणी थांबवावे. ते चालू दिले तर ज्याचा अपमान झाला त्याला वाटते की समुपदेशकालाही यात वावगे दिसले नाही. थांबवताना आवाज चढवण्याची गरज नसते. तळहात किंचित पुढे करून, नाव घेऊन, 'हे वाक्य मी इथे थांबवते आहे,' असे म्हटले तरी चालते.

सत्र संपवताना गृहपाठ छोटा द्यावा. वर्षानुवर्षांचा अबोला असलेल्या दांपत्याला 'रोज अर्धा तास मोकळेपणाने बोला' असे सांगणे व्यर्थ आहे. 'पगाराच्या दिवशी दहा मिनिटे, चहा घेताना, फक्त खर्चाबद्दल' इतके नेमके असावे. आणि शेवटची दहा मिनिटे तापलेला विषय उघडू नये, कारण ते दोघे एकाच दुचाकीवरून घरी जाणार असतात.

कुटुंबासोबत काम

परदेशी पाठ्यपुस्तके वाचून आलेला विद्यार्थी एकत्र कुटुंब पाहिले की 'यांच्या सीमारेषा धूसर आहेत' असे पटकन लिहितो. आईला विचारून निर्णय घेणारा तिशीतला मुलगा आपल्याकडे आजारी नव्हे. प्रश्न तेव्हा निर्माण होतो जेव्हा त्या घरात दुसरे कोणी वेगळे मत मांडू शकत नाही. कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याची परंपरा भारतात स्वतंत्रपणे रुजली आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंमध्ये राहायला बोलावले आणि उपचारांत भागीदार केले. पुढे वेल्लोर आणि बंगळुरू येथेही नातेवाइकांना सोबत ठेवून उपचार करण्याची पद्धत वाढली. आपल्या देशातील कुटुंब हे बहुतेकदा रुग्णाची एकमेव काळजीव्यवस्था असते, हे त्यांनी ओळखले होते.

पहिल्या बैठकीत घराण्याचा नकाशा, म्हणजे जेनोग्राम, कुटुंबासमोरच मोठ्या कागदावर काढावा. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, निदान तीन पिढ्या. जन्म, मृत्यू, लग्न, स्थलांतर, व्यसन, आजार, तुटलेली नाती. कागद मध्ये आला की आपापसांत न बोलणारी माणसेही एकमेकांच्या चुका दुरुस्त करू लागतात : 'नाही, आजोबा त्या आधीच गेले होते, तेव्हा तू बालवाडीत होतास.' त्यासोबत घरातली जागा विचारावी. कोण कुठे झोपते, अभ्यास कुठे होतो, स्वयंपाकघराची सत्ता कोणाकडे, वायफायचा पासवर्ड कोणाला माहीत, लग्न झालेल्या मुलाच्या खोलीला कडी आहे का. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील तर दांपत्याच्या दुराव्याचे एक कारण चौरस फुटांत असू शकते आणि त्यावर केवळ मानसिक उपाय सुचवणे योग्य नाही.

ज्येष्ठांचा मान राखणे हे तंत्राचाच भाग आहे. सर्वांत वयस्कर व्यक्तीचे स्वागत आधी करावे, तिने घर कसे उभे केले हे तिला सांगू द्यावे आणि मुलाने वडिलांना सुनेच्या देखत सुनवावे, अशी रचना कधीही करू नये. ज्येष्ठांना ऐकले गेल्याचे समाधान मिळाले की सुनेला किंवा नातवाला बोलायला जागा करून देणे सोपे जाते. तिथे मिलान पद्धतीचे प्रश्न उपयोगी पडतात. 'तुम्हाला काय वाटतं?' असे धाकट्या सुनेला विचारले तर ती 'काही नाही' म्हणेल. त्याऐवजी नातवाला विचारावे, 'आजी गप्प झाली की घरात सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात येतं?' उत्तरात घराची सगळी रचना येते आणि कोणावर आरोपही होत नाही.

मुलांच्या बाबतीत एका गोष्टीवर तडजोड करू नये. आईवडिलांचा निरोप्या झालेले मूल ('पप्पांना सांग, जेवण वाढलंय') पोटदुखी, शाळा टाळणे, अंथरूण ओले करणे अशा मार्गांनी ताण दाखवते आणि घरचे ते मूल 'दाखवायला' घेऊन येतात. मुलाला उपचार देत राहण्याआधी त्याला त्या नोकरीतून मोकळे करावे. त्यासाठी आईवडिलांची मुलाशिवाय बैठक घ्यावी लागते.

गटासोबत काम

गट म्हणजे समोर बसलेले दहा स्वतंत्र क्लायंट असे समजून नवोदित एकेकाशी बोलत जातो आणि उरलेले नऊजण प्रेक्षक होतात. गटाची ताकद सदस्यांनी एकमेकांना दिलेल्या आधारात असते. बोस्टनमध्ये १९०५ मध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयरोग्यांना एकत्र बसवायला सुरुवात केली तेव्हापासून हे दिसत आले आहे. आयर्विन यालोम यांनी ज्याला सार्वत्रिकतेचा अनुभव म्हटले, म्हणजे 'हे माझ्या एकटीच्याच घरात घडत नाही' हे कळणे, तो समुपदेशक एकट्याने देऊ शकत नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या संस्थांत गटाचे काम कसे चालते, ते शिकणाऱ्याने परवानगी घेऊन पाहावे.

बांधणी अशी करावी. प्रत्येक सदस्याला आधी वैयक्तिक भेटावे आणि गटात काय होते, काय होत नाही ते सांगावे. तीव्र भ्रमांच्या अवस्थेत असलेल्या किंवा आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या व्यक्तीला आधी वैद्यकीय मदत मिळावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक नातेवाइकांनाही द्यावा. सहा ते दहा सदस्य, दीड तास, ठरलेला वार. पहिला गट एकट्याने घेऊ नये. सोबत सहसमुपदेशक असावा, म्हणजे एक बोलत असताना दुसऱ्याला चेहरे वाचता येतात. गोपनीयतेबद्दल विशेष बोलावे लागते, कारण कायद्याने आणि व्यवसायाने बांधलेला समुपदेशक असतो, सदस्य नसतात. लहान गावात तर सदस्य एकाच बाजाराला जातात. म्हणून बाहेर भेट झाली तर ओळख कशी दाखवायची, हेसुद्धा गटाने ठरवून घ्यावे.

ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाढीचे टप्पे मांडले : जुळणे, झगडणे, रीत बसणे आणि काम होणे, पुढे १९७७ मध्ये निरोपाचा टप्पा जोडला गेला. दुसऱ्या टप्प्याला नवोदित घाबरतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कोणी 'इथे येऊन उपयोग काय?' असे विचारले की त्याला अपयश वाटते आणि तो व्याख्यान देऊ लागतो. वस्तुतः गटाला मतभेद व्यक्त करण्याइतके सुरक्षित वाटू लागल्याची ती खूण असू शकते. 'हा प्रश्न आणखी कोणाच्या मनात आहे?' असे विचारून तो गटाकडेच न्यावा.

आपल्याकडच्या गटांत सल्ल्याचा पूर येतो. दारू पिणाऱ्या नवऱ्यांच्या पत्नींचा गट आहे असे समजा. नवीन आलेली सुनंदा रडत सांगते की काल पुन्हा त्याने पगार उडवला. लगेच शेजारच्या मावशी म्हणतात, 'तू सरळ माहेरी निघून जा बघू.' दुसरी म्हणते, 'जाऊ नकोस, पोरांचं काय?' सुनंदा गप्प होते. येथे मावशींना न दुखावता वळण द्यायचे असते : 'मावशी, तुम्हाला तिची कळकळ वाटते आहे. तुमच्या घरी असा दिवस आला होता तेव्हा तुमचं काय झालं होतं, ते सांगाल?' मावशी आपला अनुभव सांगू लागतात आणि सुनंदा मान वर करून ऐकू लागते. सल्ल्याऐवजी अनुभव, हा नियम पहिल्या बैठकीत सांगितलेला असला तरी तो प्रत्येक बैठकीत असा पुन्हा घडवावा लागतो. जी सदस्या सगळा वेळ घेते तिला एकटीला बाहेर नेऊन समज देण्याऐवजी गटातच, तिच्या बोलण्यातला मुद्दा उचलून दुसऱ्याकडे द्यावा. गप्प बसणारीला मात्र ओढू नये. ती ऐकत असते. बैठकीच्या शेवटी प्रत्येकीने एक वाक्य बोलण्याची प्रथा ठेवली तर तिलाही जागा मिळते.

पर्यवेक्षण, नोंदी आणि स्वतःचे घर

दांपत्यांसोबत काम सुरू करण्याआधी स्वतःच्या घराचा जेनोग्राम काढून तो पर्यवेक्षकासमोर ठेवावा. ज्या घरात वडील रागावले की सगळे गप्प बसत, तिथे वाढलेला समुपदेशक चढ्या आवाजाच्या नवऱ्यासमोर विषय बदलतो आणि ते त्याच्या लक्षात येत नाही. अविवाहित असणे या कामात अडचण नाही. 'मॅडम, तुमचं लग्न झालंय का?' असे विचारले तर खरे उत्तर द्यावे आणि त्या प्रश्नामागे कोणती शंका आहे, ते विचारावे.

सत्रानंतर त्याच दिवशी नोंद करावी. कोण किती बोलले, आपण कोणाकडे जास्त पाहिले, कोणाची बाजू मनात घेतली आणि कोणता विषय टाळला, हे स्वतःसाठी वेगळ्या कागदावर लिहावे. मुख्य नोंदीत फक्त घडलेले आणि ठरलेले असावे, कारण ती न्यायालयात मागवली जाऊ शकते. लेखी संमती घेऊन सत्राचे ध्वनिमुद्रण केले तर पर्यवेक्षणात त्यातील दहा मिनिटे ऐकणे हे तासभर आठवणीतून सांगण्यापेक्षा अधिक शिकवते. नवऱ्याला अहो-जाहो आणि बायकोला अगं-तुगं केल्याचे मुद्रणातच सापडते. समुपदेशकाने दोघांनाही एकाच आदरार्थी रूपात संबोधावे.

काम कधी थांबवायचे, हेही पर्यवेक्षकासोबत ठरवावे. दोघांपैकी एकाने विभक्त होण्याचा निर्णय पक्का केला असेल तर समेटाचे समुपदेशन सुरू ठेवू नये. त्यानंतरचे काम वेगळे असते : मुलांना दोघांनी मिळून काय सांगायचे, सुट्ट्या कशा वाटायच्या, आजी-आजोबांची भेट कशी टिकवायची. त्यासाठी नवा करार करून नव्या हेतूने बसावे आणि तो हेतू तिघांच्या सहीसह कागदावर लिहावा.